सहावा अध्याय

“ताईंना नको,” मी म्हणालो. “डॉक्टरांनी कच्चं काही देऊ नका म्हणून बजावलंय.”

माईंचा पळी धरलेला हात तसाच अधांतरी थांबला. पळीतून पंचामृताचा एक थेंब निसटला आणि शरयूताईंच्या चष्म्याच्या केसवर पडला.

“तीर्थ आहे हो,” माई म्हणाल्या. “तीर्थानं कुणाला काय झालंय आजवर?”

“माझ्या पांढऱ्या पेशी रजेवर गेल्यात, माई,” शरयूताई म्हणाल्या. “दूध, दही, मध सगळं बंद. उकळून आणलंत तर घेईन.”

उकळलेलं तीर्थ ही कल्पना माईंना झेपली नाही. त्यांनी पळी माझ्याकडे वळवली. मी मधुमेह सांगितला. मग पळी पुढे गेली, आणि त्या दुपारी त्या हॉलमध्ये बसलेल्या एकूण एक माणसाच्या तळहातावर पोचली. उरलो आम्ही दोघं.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. हल्ली परदेशातल्या अळंबीच्या संशोधनाच्या बातम्या आपल्याकडच्या रविवारच्या पुरवण्यांतही येतात. त्या दिसल्या की मी पान उलटतो. अळंबीचा त्यात काही दोष नाही. मी तिची चवही पाहिलेली नाही.

तो सत्यनारायण ‘मुक्तछत्र अभियाना’च्या कार्यालयाचा होता. कार्यालय म्हणजे गंगापूर धरणाच्या काठचं उन्मेष पाटणकरचं फार्महाऊस, आणि अभियान म्हणजेही बहुतांशी उन्मेष पाटणकरच. बारा वर्षं अमेरिकेत काढून तो नाशिकला परतला होता तो दाढी, एक घटस्फोट आणि एक ध्येय घेऊन. आपल्याकडे जिला लोक कुत्र्याची छत्री म्हणून पायानं उडवतात तिच्या काही जातींमध्ये मन उघडण्याची ताकद आहे, आणि सरकारनं ती अमली पदार्थांच्या कायद्यात कोंबून ठेवली आहे. तिला बाहेर काढायचं. त्यासाठी आधी निवेदन, मग याचिका, मग जनजागृती. या सगळ्याची सुरुवात सत्यनारायणानं व्हावी ही कल्पना त्याच्या आईची, म्हणजे माईंची. उन्मेषनं ती लगेच उचलली. “कल्चरल कनेक्ट,” तो म्हणाला.

मी तिथे होतो कारण मी पत्रकं लिहितो. पतपेढ्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, बिल्डरांच्या ‘स्वप्नातलं घर’ छापाच्या पुस्तिका, असला माझा धंदा. अभियानाचं इंग्रजी पत्रक मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. ते माझ्या टेबलावर पडलेलं असताना वरच्या मजल्यावरच्या शरयू कारखानीस वर्तमानपत्र परत करायला आल्या आणि त्यांनी उभ्या उभ्या ते पत्रक वाचून खाली ठेवलं.

“दिगंबरा,” त्या म्हणाल्या, “हे खरं आहे का रे? शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांची भीती जाते म्हणून लिहिलंय.”

“परदेशात प्रयोग चालू आहेत म्हणे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली.”

“मला मिळेल?”

ताई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर झाल्यावरही त्यांनी तो धडा असल्यासारखा समजून घेतला होता: कुठे आहे, कुठवर पसरलाय, कोणत्या दिशेनं जाणार. मरण त्यांनी कबूल केलं होतं. छळत होती ती भीती. “दिवेलागण झाली की पोटात खड्डा पडतो,” त्या म्हणाल्या. “नकाशा संपतो ना, तिथे कागदाची कोरी कड असते. संध्याकाळ झाली की मला ती कड दिसते. तेवढी दिसायची थांबली तर बाकीचं माझं मी बघीन.”

मी त्यांना उन्मेषकडे नेलं. उन्मेषच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कायमच जवळपास असायचं. त्यानं ताईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि शब्द दिला की जिथे हे कायदेशीर आहे अशा देशात अभियान त्यांना स्वखर्चानं नेईल. तोवर त्यांनी अभियानाचा चेहरा व्हावं. ताई झाल्या. त्यांचे फोटो निघाले, खिडकीजवळ बसून दूर बघतानाचे. प्रवासाचं मात्र ‘प्रोसेसमध्ये’ राहिलं. ताईंनी एकदा विचारलं की बाबा रे, इथेच एखाद्या चांगल्या डॉक्टरला समोर बसवून नाही का जमणार, तर उन्मेष दुखावला.

“ताई, तुम्ही आमचा चेहरा आहात. चेहरा स्वच्छ असायला हवा. उद्या कोणी म्हटलं, ह्या स्वतःच घेतात, तर सगळी मूव्हमेंट बसली.”

त्याच्या समितीचे अभ्यासवर्ग दर शनिवारी याच फार्महाऊसवर होत असत. सोमवारी ही मंडळी ऑफिसात सुजलेल्या डोळ्यांनी आणि सगळ्या सृष्टीबद्दल अपार प्रेम घेऊन यायची. चेहरा स्वच्छ होता. बाकीच्या अंगाबद्दल काही नियम नव्हता.

तर त्या दिवशी तीर्थप्रसाद झाला. यजमान म्हणून उन्मेषनं पंचामृत दोनदा घेतलं आणि ओला हात केसांवरून फिरवला. मग केळीची पानं मांडली. वरण-भात, मसालेभात, अळूची भाजी, शिरा. दीक्षितगुरुजी अग्रभागी बसले. गुरुजी सत्तरीचे, पंचवटीतले, बारीक चणीचे आणि घाईचे. एरवी प्रसाद बांधून घेऊन पुढच्या पूजेला पळायचे. त्या दिवशी माईंनी आग्रह करून त्यांना जेवायला बसवलं होतं. जेवणानंतर ताई दोन पत्रकारांशी बोलणार होत्या. काय बोलायचं ते मीच लिहून दिलं होतं.

मसालेभाताच्या दुसऱ्या फेरीला गुरुजी थांबले. त्यांनी पानातल्या वरणाकडे बराच वेळ पाहिलं.

“किती पिवळं आहे,” ते म्हणाले.

“हळद घरची आहे,” माई म्हणाल्या.

“तसं नव्हे. आतून पिवळं आहे.” मग त्यांनी मांडी सावरली, डोळे मिटले आणि सकाळच्याच आवाजात म्हणाले, “अथ षष्ठोऽध्यायः।”

सत्यनारायणाच्या कथेला पाच अध्याय असतात. सगळ्यांचे हात पानावरच थांबले. गुरुजी ओघवत्या मराठीत सांगू लागले की साधुवाण्याची नाव नदीकाठी लागली, परंतु नदीला आता काठ उरला नव्हता, तेव्हा वाणी म्हणाला, देवा, मी उतरू कुठे? माईंनी भक्तिभावानं हात जोडले. समितीतला एकजण हसायला लागला आणि मग त्याला ते थांबवता येईना.

त्यानंतर पंगत मोडली. मी आयुष्यात बऱ्याच पंगती पाहिल्या, लग्नातल्या मानापमानाच्यासुद्धा. अशी मोडलेली पाहिली नाही. पहिला ओकला तो समितीचा खजिनदार. आपल्याच पानावर, शिऱ्याच्या मुदीवर. आणि मग त्या मिश्रणाकडे इतक्या मायेनं बघत बसला की मला पान उचलून नेणं क्रूर वाटलं. एक बाई, जिनं मागच्या सभेत करुणेवर अर्धा तास बोलून सगळ्यांना रडवलं होतं, ती शेजारणीच्या कानातल्या कुड्या ओढत होती, कारण त्या तिच्याकडे बघत होत्या. दोघंजण हिरवळीवर जाऊन झोपले. अळूच्या भाजीत कुणाचा तरी पाय पडला आणि त्याचे ठसे देव्हाऱ्यापर्यंत गेले. दोन पत्रकारांपैकी एक दरवाज्यातल्या चपला मोजत होता. दुसरा त्या चुकीच्या मोजतोस म्हणून त्याच्याशी भांडत होता.

उन्मेष खुर्चीवर चढून उभा राहिला.

“फोटोग्राफर कुठाय?” तो ओरडला. “माझा चेहरा बघा. आत्ता चेहऱ्यावर काहीतरी आहे. हे घ्यायला पाहिजे.”

हा माणूस वर्षभर मला सांगत आला होता की अळंबीनं अहंकार विरघळतो. पत्रकात ते वाक्य मीच मराठीत आणलं होतं. विरघळताना मी तो काही पाहिला नाही. वितळून खुर्चीवरून खाली ओघळताना पाहिला.

शरयूताई कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या समोर वेगळं शिजवलेल्या मऊ भाताची वाटी होती.

“दिगंबरा,” त्या शांतपणे म्हणाल्या, “माईंना विचार, मध कुठला घातला.”

माई बिचाऱ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी चवीपुरतंच घेतलं होतं. “मध संपला होता हो ऐन वेळी,” त्या म्हणाल्या. “उन्मेषच्या कपाटात बाटली होती काचेची. म्हटलं, गावरान दिसतोय. आत मोरावळ्यासारखे काळे तुकडे होते, ते फडक्यानं गाळून घेतले. वास जरा मातकट होता.” मग माझ्याकडे पाहून, “शिळा होता का?”

हे ऐकताच उन्मेष खुर्चीवरून उतरला. इतका झटकन, की त्याच्या मनाचा एक कोपरा त्या सगळ्यात अगदी कोरडा असावा.

“किती वापरला?” त्यानं विचारलं. “आई, किती वापरला?”

“पाव बाटली. बाकीची ठेवली परत, होती तिथे.”

तो आत धावला. मला वाटलं, घाबरला.

इकडे गुरुजींचा सहावा अध्याय थांबला होता. ते आडवे झाले होते. कपाळावर घामाचे थेंब, हात छातीवर. “धडधडतंय,” ते म्हणाले. “दोन ठिकाणी धडधडतंय.” त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. मी नाडी धरली. ती माझ्या बोटांखालून पळत होती.

“उन्मेष,” मी हाक मारली, “माझी गाडी काढतो. गुरुजींना हॉस्पिटलात न्यायचंय.”

तो बाहेर आला. त्यानं तोंड धुतलं होतं, केसही सारखे केले होते.

“एक मिनिट,” तो म्हणाला. “आधी नॅरेटिव्ह ठरवू.”

“काय ठरवू?”

“हॉस्पिटलात विचारतील, काय खाल्लं. मग पोलिसांना कळवतील. पोलीस विचारतील, बाटली कोणाची.” त्यानं डोळे मिटून खोल श्वास घेतला. त्याचे दात वाजत होते. “माझी म्हटली तर मूव्हमेंट संपली, सर. उद्याच्या पेपरात येईल, अभियानाच्या प्रमुखाकडेच माल. ज्यांना खरोखर गरज आहे त्या हजारो पेशंटांचं काय?”

“आधी या एका पेशंटचं बघ,” मी म्हणालो. “चल, पाय धर त्यांचे.”

त्यानं पाय धरले नाहीत. तो शरयूताईंसमोर जाऊन गुडघ्यांवर बसला आणि त्यानं पुन्हा त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी आलं.

“ताई, तुम्हाला सगळे समजून घेतील. आजारी बाई, वेदना असह्य झाल्या, कुणाकडून तरी मागवला, आणि चुकून आईच्या हाती लागला. सहानुभूती मिळेल. आपल्या कॉजलासुद्धा.”

ताईंनी हात सोडवून घेतले.

“आणि तुमच्यावर कोण काय करणार? असल्या केसेस उभ्या राहायला तीन-चार वर्षं जातात, ताई.” तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं असं मला क्षणभर वाटलं. “म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं आपल्यात तुम्हीच सगळ्यात सेफ आहात.”

हॉलमध्ये ओकारीचा, तुपाचा आणि उदबत्तीचा एकत्र वास भरला होता. मी इतकी वर्षं पत्रकं लिहितोय, पण त्या वासाला मला शब्द सापडलेला नाही. मी उन्मेषच्या कॉलरला हात घालणार होतो. ताईंनी मान हलवून मला थांबवलं.

“गुरुजींच्या छातीत होतंय त्याला किती वेळ झाला रे?” त्यांनी मला विचारलं.

“बराच.”

“मग तू गाडी काढ.” त्या उन्मेषकडे वळल्या. “बाटली माझी. कोण विचारेल त्याला सांगीन. उचला आता त्यांना.”

उन्मेषनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. “ताई, तुम्ही महान आहात.”

“ऊठ. आणि माझी बाटली आण.”

“कोणती?”

“माझी. आत्ता झाली ना ती माझी? पोलीस मागतील, तर ती माझ्याकडे नको का?”

तो आत गेला आणि बाटली घेऊन आला. अर्ध्याहून अधिक रिकामी.

“अरे,” माई भाबडेपणानं म्हणाल्या, “मी तर पाऊणभर ठेवली होती.”

शरयूताईंनी बाटली उजेडाकडे धरली आणि चष्म्यावरून उन्मेषकडे पाहिलं. वर्गात कुणी नकाशाची वही शेजाऱ्याच्या वहीवरून काढली की त्या अशाच बघत असाव्यात. उन्मेष पुन्हा आत गेला. या वेळी स्टीलचा डबा घेऊन आला, घट्ट झाकणाचा. म्हणजे मघाशी धावला होता तो यासाठी. गुरुजी हॉलमध्ये छाती धरून पडलेले, आणि हा आत स्वतःसाठी अर्धं ओतून ठेवत होता. आता त्यानं आमच्यासमोर उभं राहून डब्यातला मध बाटलीत परत ओतला. शेवटी एक ओघळ त्याच्या बोटावर आला.

त्यानं ते बोट चाटलं.

मागच्या सीटवर गुरुजी आणि माई बसल्या, पुढे ताई, मांडीवर बाटली घेऊन. गावापर्यंत गुरुजींचा सहावा अध्याय मधूनमधून चालू होता. वाणी अजून नावेतच होता. माई प्रत्येक विरामाला “हो का?” म्हणत होत्या. हॉस्पिटलात ताईंनी स्वतः जाऊन ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगितलं की पंचामृतात अळंबी मुरवलेला मध पडला होता. “मध माझा होता,” त्या म्हणाल्या. डॉक्टरनं त्यांच्या डोक्यावरच्या स्कार्फकडे पाहिलं आणि मान खाली घालून लिहून घेतलं. गुरुजींना बाटली लावली, सलाइनची. धोका टळला असं कळल्यावर ताई आणि मी घरी निघालो. फार्महाऊसवर राहिलेल्या मंडळींना नशा उतरण्यापलीकडे काही झालं नाही.

कॉलेज रोडच्या सिग्नलला दुकानांचे दिवे लागत होते.

“दिगंबरा, दिवेलागण झाली,” ताई म्हणाल्या.

“हो.” मी त्यांच्या मांडीवरच्या बाटलीकडे पाहिलं. “आता घेणार आहात का? मी थांबेन तुमच्याजवळ.”

“नको.”

“का? इतके दिवस याचीच वाट बघताय. भीती वाटतेय?”

“तेच बघतेय मघापासून,” त्या म्हणाल्या. “आज खड्डा पडला नाही. शोधला, तरी सापडत नाहीये.”

“मग काय वाटतंय?”

सिग्नल सुटला, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला.

“किळस,” ताई म्हणाल्या. “इथपर्यंत भरलीय.” त्यांनी गळ्याला हात लावला. “भीतीला बसायला जागाच राहिली नाही बघ. हे लिही तुझ्या पत्रकात.”

ती बाटली त्यांनी पलंगाशेजारच्या औषधांत ठेवली. हवालदार एकदा येऊन गेला. दारातल्या खुर्चीवर बसून चहा प्यायला आणि जबाब लिहून घेतला. मध कुठून आणला विचारलं तर ताई म्हणाल्या, रस्त्यावरच्या बाईकडून. उरलेला कुठाय, तर म्हणाल्या, टाकला. बाटली त्याच्या नजरेच्या टप्प्यात होती, शतावरी कल्पाच्या शेजारी. झाकण ताईंनी कधीच उघडलं नाही. एखाद्या संध्याकाळी मी वर गेलो की त्या कूस बदलून बाटलीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “सांग रे, बोट कसं चाटलं त्यानं?” मी चाटून दाखवायचो. त्या हसायच्या, मग पोट धरायच्या, कारण हसल्यावर दुखायचं, मग म्हणायच्या, “पुन्हा एकदा.” डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कुठल्याच गोळीचा इतका उपयोग मी पाहिला नाही.

दिवाळीआधी त्या गेल्या. खटल्याबाबतचा उन्मेषचा अंदाज बरोबर निघाला.

उदकशांतीला दीक्षितगुरुजी आले. ताईंची मुलगी मुक्ता बंगळूरहून आली होती. ती पंचामृत कालवायला बसली तसा गुरुजींनी हात आडवा केला. “मध वगळा,” ते म्हणाले. “साखर जरा जास्त घाला. मी आता सगळीकडे असंच करतो. देव समजून घेतो.”

तीर्थ वाटत असताना उन्मेष आला. पांढरा कुडता, हातात शरयूताईंचा फ्रेम केलेला फोटो, खिडकीजवळ बसून दूर बघतानाचा. त्यानं तीर्थ घेतलं, ओला हात केसांवरून फिरवला, मुक्ताचे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी आलं. मग लोक पांगल्यावर तो मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठून हळूच म्हणाला,

“सर, ती बाटली… आहे का कुठे? आठवण म्हणून. अभियानाच्या दृष्टीनं ती हिस्टॉरिक आहे.”

“रिकामी चालेल?” मी विचारलं.

“नाही, म्हणजे… आहे तशी असेल तर बरं.”

“उशीर केलास,” मी म्हणालो. “आजच्या पंचामृतात संपवली आम्ही.”

त्यानं आपल्या तळहाताकडे पाहिलं. चेहरा पिठासारखा झाला. दुसऱ्या क्षणी तो बेसिनशी होता, दोन बोटं घशात घालून. त्याला बराच वेळ लागला. आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. गुरुजींनी दारातून डोकावून पाहिलं, सगळं समजल्यासारखी मान हलवली आणि परत जाऊन दक्षिणा उपरण्यात बांधू लागले.

उन्मेषनं चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि मान वर केली. बेसिनवरच्या खिडकीत, त्याच्या नाकासमोर, तीच काचेची बाटली होती. मुक्तानं आतलं सगळं ताई गेल्या त्याच दिवशी मोरीत ओतून टाकलं होतं, बाटली घासूनपुसून घेतली होती आणि पाणी भरून तिच्यात मनीप्लांटची फांदी लावली होती.

त्यानं बाटलीकडे नीट पाहिलं, आणि टॉवेल मागितला.